सांगलीत मिळणारी तयार डीएमएक्स केबल: तार चांगली, टोकं कच्ची

सांगलीच्या बाजारात बिनछापाची काळी डीएमएक्स केबल (कंट्रोलरचा हुकूम स्टेजच्या दिव्यांपर्यंत नेणारी) ५ आणि १० मीटरच्या तुकड्यांत मिळते, दोन्ही टोकांना ३ पिनांचे एक्सएलआर (गोल धातूचे कनेक्टर) बसवलेले. मंडळांचे, ऑर्केस्ट्राचे आणि जत्रेतले लाइटवाले बहुतेक हीच उचलतात.

तार अस्सल आहे. वेष्टनावर ११० ओहम छापलंय, हा तिचा इम्पीडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा अडथळा. आत पिळलेली जोडी, वर फॉईल आणि विणलेली जाळी. डीएमएक्सला १२० हवेत, ११० बिनघोर चालतं. याच नावाखाली माईकची केबलही गळ्यात मारली जाते, तिचा इम्पीडन्स बराच कमी. चार पारला (स्टेजच्या दिव्यांना) तीही चालते, म्हणून फसगत कळत नाही. एकामागे एक जोडलेल्या पारची ओळ लांबली की सेकंदाला अडीच लाख बिटांचा सिग्नल शेवटच्या टोकावरून उलटा फिरतो आणि पार आपले आपण लुकलुकतात.

कनेक्टर मात्र हलके. १ ला जाळी, २ ला डेटा वजा, ३ ला डेटा अधिक, इथवर ठीक. पण जाळीची एक शेपटी कनेक्टरच्या धातूच्या अंगालाही डागलीय. ते अंग ट्रसला (दिवे टांगायच्या धातूच्या सांगाड्याला) टेकलं आणि स्टेजवर दोन जनरेटर असले, की अर्थिंगमधला फरक डेटाच्या जाळीतून वाहतो. पारमधली रिसीव्हर चिप त्यानं जाऊ शकते. घेतानाच मल्टिमीटर पिन १ आणि अंगावर धरा. बीप आला तर ती शेपटी कापा. आतला क्लॅम्पही केबल धरत नाही, सगळा ताण सोल्डरवर येतो. विष्णुदास भावे नाट्यमंदिरासारख्या बंद रंगमंचावर ही टोकं निभावतील. रोज गाव बदलणाऱ्यांनी तार ठेवावी, कनेक्टर नवे लावावेत.

सोबत टर्मिनेटर (ओळीच्या शेवटी सिग्नल उलटा फिरू न देणारा प्लग) देत नाहीत, ही खरी कंजुषी. मेल (पिना असलेल्या) एक्सएलआरमध्ये २ आणि ३ च्या मधे १२० ओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर डागला, की झाला तयार. तो शेवटच्या पारच्या ‘आउट’मध्ये. पार न जोडता नुसत्या केबली एकात एक घालून टोकाला हाच लावा आणि दुसरीकडे २-३ मोजा: १२०च्या आसपास आलं तर ओळ धड, काहीच नाही आलं तर कुठेतरी तुटलीय, शून्य म्हणजे शॉर्ट.

दुकानात हिच्याशेजारी वाय केबलही (एका टोकाची दोन टोकं करणारी) टांगलेली असते. ती घेऊ नका. डीएमएक्सला फांदी फोडायची तर स्प्लिटरच (सिग्नल वेगवेगळ्या ओळींत वाटणारा डबा) लागतो. ८ चॅनेलचे ६४ पार डीएमएक्सच्या ५१२ चॅनेलमध्ये पत्त्यानं बसतात (१, ९, १७ असे), पण एका ओळीवर ३२ च्या वर नकोत, तिथेही स्प्लिटरच.

घेताना ५ मीटरचे तुकडे जास्त घ्या. पार ते पार अंतराला १० मीटरची निम्मी केबल ट्रसवर गुंडाळूनच पडते.