घरच्या कम्प्युटरसाठी कोणतं सॉफ्टवेअर निवडावं? खान्देशातल्या घराच्या हिशेबाने एक तुलना

"आमना कम्प्युटरमा चोराले शे काय?" हा प्रश्न जळगाव, धुळे, नंदुरबारकडे घरोघरी ऐकू येतो. उत्तर सरळ आहे. सातबारा, आठ-अ, घरातल्या सगळ्यांचे आधार, पासबुकांचे स्कॅन, जातीचे दाखले, पोरांच्या गुणपत्रिका आणि दुकान असेल तर टॅलीमधला सगळा हिशेब. हे सगळं बहुतेक एकाच कम्प्युटरवर असतं. त्यावर घरातली चार माणसं बसतात, आणि विंडोजला पासवर्डही नसतो.

त्यामुळे खाली तुलना करताना मी दोनच गोष्टी तपासल्या आहेत. आपले कागद घराबाहेर कुणाच्या हातात जातात? आणि नेट गेलं तर काम अडतं का? दुसरा प्रश्न सातपुड्यातल्या धडगाव-मोलगीकडच्या माणसाला जितका महत्त्वाचा, तितका जळगाव शहरातल्या फायबरवाल्याला नाही. म्हणून काही ठिकाणी दोघांसाठी निवड वेगळी निघेल. माझं मत आधीच सांगतो: सॉफ्टवेअर जितकं कमी तितकं बरं. एक नवं टूल टाकलं की आणखी एका कंपनीवर विश्वास टाकावा लागतो.

आधी विंडोजचं बघा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. ज्यांच्याकडे अजून तीच आहे त्यांच्यापुढे तीन रस्ते आहेत. कम्प्युटरचा इंटेल प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असेल आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) असेल, तर विंडोज ११ फुकट मिळते, तीच घ्या. मशीन जुनं असेल तर मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून दिले आहेत. त्यासाठी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये जाऊन नोंदणी करावी लागते. तिसरा रस्ता लिनक्स मिंटचा, म्हणजे विंडोजच्या जागी बसणाऱ्या फुकटच्या सिस्टिमचा. पोरांचा अभ्यास, ब्राउझर, टायपिंग एवढंच काम असेल तर जुन्या मशीनवर मिंट छान चालते. पण टॅली विंडोजसाठी बनलेली आहे, त्यामुळे दुकानाचा हिशेब असेल तर या रस्त्याला जाऊ नका.

चौथा रस्ता गल्लोगल्ली मिळतो: क्रॅक केलेली विंडोज. ती चालू करायला जे ॲक्टिव्हेटर टाकतात, ते टाकताना आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. ज्या क्षणी दार उघडं आहे त्याच क्षणी अनोळखी माणसाला आत घेण्यासारखं हे आहे. पुढची कोणतीही तुलना अशा मशीनवर निरुपयोगी ठरते.

डिफेंडर की विकतचा अँटिव्हायरस?

विंडोजमध्ये डिफेंडर आधीपासून असतो, फुकट असतो, त्याला नूतनीकरण नसतं. जर्मनीतल्या एव्ही-टेस्ट प्रयोगशाळेच्या चाचण्यांमध्ये तो गेली अनेक वर्षं विकतच्या नावाजलेल्या अँटिव्हायरसच्या बरोबरीने गुण मिळवतो. घरच्या वापराला तो पुरतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

विकतचा कधी घ्यावा? झेरॉक्सचं किंवा ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान असेल आणि दिवसभर लोकांचे पेनड्राइव्ह लागत असतील, तर पुण्याच्या क्विक हीलसारखं उत्पादन घ्यायला हरकत नाही. अडचण आली तर विकणारा दुकानदार समोर बसून मराठीत समजावतो, ही त्याची खरी जमेची बाजू. पण मग दरवर्षी पैसे भरायची तयारी ठेवा. मुदत संपलेला अँटिव्हायरस तसाच पडून असलेले कम्प्युटर फार दिसतात आणि घरच्यांना वाटतं, आपल्याकडे संरक्षण आहे. नूतनीकरण करायचं नसेल तर तो काढून टाका. काढला की डिफेंडर आपोआप चालू होतो.

फुकटच्या बाहेरच्या अँटिव्हायरसबद्दल मात्र सावध राहा. अव्हास्टने लोकांच्या ब्राउझिंगची माहिती जंपशॉट या आपल्या उपकंपनीमार्फत विकली, म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फेब्रुवारी २०२४ मध्ये तिला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. राखणीला ठेवलेल्या सॉफ्टवेअरनेच हे केलं, म्हणून ते जास्त लागतं.

डिफेंडरमधली एक सोय बहुतेकांच्या मशीनवर बंद असते. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमध्ये खाली रॅन्समवेअर प्रोटेक्शन दिसेल, तिथे कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस चालू करा. रॅन्समवेअर म्हणजे आपल्या फाइल कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस. मग अनोळखी प्रोग्रामला तुमच्या डॉक्युमेंट्समध्ये काही बदलता येत नाही. कधीकधी ओळखीचा प्रोग्रामही यात अडकतो आणि फाइल सेव्ह होईना असं होतं. घाबरू नका, त्याच पानावर त्या प्रोग्रामला परवानगी देता येते.

पीडीएफ: सगळ्यात जास्त गळती इथे

केळीच्या विम्याचा अर्ज, शिष्यवृत्ती, कुठलीही भरती घ्या. पोर्टल म्हणतं, फाइल अमुक केबीच्या आतच हवी. मोबाइलने काढलेला पासबुकाचा फोटो चार-पाच एमबीचा असतो. मग माणूस गूगलवर 'पीडीएफ कमी करा' असं शोधतो, पहिली दिसेल ती साइट उघडतो आणि आधार, पासबुक, सातबारा तिथे चढवतो. काम दोन मिनिटांत होतं. पण आपले कागद कुठल्या देशातल्या कुठल्या सर्व्हरवर गेले हे त्याला कधीच कळत नाही. नावाजलेल्या साइट काही वेळाने फाइल पुसल्याचं सांगतात, पण आपल्याला ते तपासता येत नाही. अनोळखी साइटचं तर विचारूच नका. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने फुकटच्या ऑनलाइन फाइल कन्व्हर्टरमधून व्हायरस येतो, असा इशारा दिला होता.

याला पर्याय पीडीएफ२४ क्रिएटर. जर्मन कंपनीचं आहे, विंडोजवर चालतं, फुकट आहे. मुख्य म्हणजे इन्स्टॉल केल्यावर सगळं काम तुमच्याच कम्प्युटरवर होतं, नेट लागत नाही. त्याच कंपनीची वेबसाइटसुद्धा आहे, तिथे फाइल चढवावी लागते. आपल्याला हवं ते डेस्कटॉपवरचं. कॉम्प्रेस निवडा, फाइल ओढून टाका, डीपीआय (चित्राची बारकाई) १५० करून बघा. पासबुकावरचा खाते क्रमांक आणि आयएफएससी स्पष्ट वाचता येतो ना, हे मोठं करून तपासा. नसेल तर डीपीआय थोडा वाढवा आणि रंगीतऐवजी करडं करा, साइज तरी उतरतो. नुसता फोटो लहान करायचा असेल तर पेंटमधलं रिसाइझ पुरतं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा किंवा आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून उतरवलेलं ई-आधार कॉम्प्रेस केलं, दुसऱ्या फाइलला जोडलं किंवा पुन्हा पीडीएफ म्हणून प्रिंट केलं, की नव्या फाइलमध्ये ती डिजिटल स्वाक्षरी ग्राह्य राहत नाही. मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये हात न लावता ठेवा आणि फेरफार कॉपीवर करा. आणि जिथे पूर्ण क्रमांक लागत नाही तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. ज्याला तुमचं नाव-साल ठाऊक आहे त्याच्यापुढे ते कुलूप नाहीच, म्हणून फाइल पासवर्डची आहे या भरवशावर ती ग्रुपवर टाकू नका.

पासवर्ड: वही, क्रोम, बिटवॉर्डन की कीपासएक्ससी?

वहीला नावं ठेवू नका. कपाटात कुलपात असलेली वही इंटरनेटवरून कुणी चोरत नाही. तिची अडचण वेगळी: लिहायचा कंटाळा येतो म्हणून माणूस सगळीकडे एकच पासवर्ड ठेवतो, बहुतेक मोबाइल नंबर नाहीतर पोराचं नाव आणि साल. क्रोममध्ये सेव्ह केलेले पासवर्ड सोयीचे खरे, पण विंडोजला पासवर्ड नसेल तर कम्प्युटरवर बसणाऱ्या कुणालाही ते वापरता येतात. क्रॅक सॉफ्टवेअरमधून येणारे चोर प्रोग्राम सगळ्यात आधी तेच उचलतात.

जळगाव, भुसावळ, धुळे, जिथे नेट बरं आहे, तिथे मी पासवर्ड सांभाळणारं बिटवॉर्डन सुचवेन. फुकटच्या खात्यात हवे तेवढे पासवर्ड, हवी तेवढी उपकरणं. कम्प्युटरवर साठवलेला मोबाइलवर लगेच मिळतो. नेट नसताना साठवलेलं वाचता येतं, पण नवं भरायला नेट लागतं. सातपुड्याच्या बाजूला, किंवा ज्यांना आपली तिजोरी दुसऱ्याच्या सर्व्हरवर नकोच, त्यांनी कीपासएक्ससी घ्यावं. त्यात सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाइलमध्ये असतात, ती तुमच्याच कम्प्युटरवर राहते, नेटशी संबंध नाही. बदल्यात त्या फाइलची कॉपी ठेवण्याची जबाबदारी पूर्ण तुमची. ती फाइल गेली की सगळं गेलं. दोन्ही ओपन सोर्स आहेत, म्हणजे त्यांचा कोड कुणालाही तपासता येतो.

मुख्य पासवर्ड लांब हवा. २०२२ मध्ये लास्टपास या कंपनीकडून ग्राहकांच्या कुलूपबंद तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या, तेव्हा ज्यांचा मुख्य पासवर्ड कमजोर होता त्यांनाच खरा धोका होता. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द, अहिराणीतले असले तर आणखी बरं, इंग्रजी अक्षरांत सलग लिहा. तो एका कागदावर लिहून घरच्या पासबुकांबरोबर ठेवा आणि नवरा-बायको दोघांनाही जागा माहीत असू द्या. हा पासवर्ड विसरला तर कंपनीही काही करू शकत नाही.

ब्राउझर आणि ऑफिस

ब्राउझरमध्ये मी फायरफॉक्स आणि त्यावर जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचं छोटं टूल) सांगेन. क्रोममध्ये हे जुनं, पूर्ण ताकदीचं एक्स्टेंशन आता चालत नाही, फक्त त्याचं लाइट रूप मिळतं. फरक निकालाच्या दिवशी कळतो, जेव्हा पानावर पाच खोटी 'डाउनलोड' बटणं असतात आणि पोरगं त्यातलंच एक दाबतं. ज्यांना काहीच जोडायची कटकट नको त्यांना ब्रेव्ह हा ब्राउझर चालेल. सरकारी पोर्टल एखाद्या ब्राउझरमध्ये अडलं तर तेवढ्यापुरतं विंडोजमधलं एज आहेच.

ऑफिसचं लवकर आटोपतं. पत्र, अर्ज, घरचा हिशेब यांना लिब्रेऑफिस पुरतं, मराठी युनिकोड नीट लिहिता येतं. कॉलेजच्या पोराला प्रेझेंटेशन सरांच्या पॉवरपॉइंटवर उघडायचं असेल तर लिब्रेऑफिसमध्ये केलेली मांडणी कधीकधी हलते. तेव्हा पीडीएफ करून द्या किंवा मायक्रोसॉफ्टचं फुकटचं वेब ऑफिस वापरा. क्रॅक ऑफिस तेवढं टाकू नका.

कम्प्युटर 'साफ' करणारी ॲप्स कुठलीच नकोत. २०१७ मध्ये सीक्लीनरच्या अधिकृत आवृत्तीतच व्हायरस घुसवला गेला होता. जागा मोकळी करायला विंडोजमधलं स्टोरेज सेन्स आहे. घरच्या वायफायवर रोजच्या कामाला व्हीपीएनचीही गरज नाही.

पैसे घालायचे तर बॅकअपवर

गूगल ड्राइव्हवर १५ जीबी फुकट, पण त्यातच जीमेल आणि फोटोही बसतात. वनड्राइव्हवर ५ जीबी. कागदपत्रं आणि टॅलीच्या बॅकअपला एवढं पुरतं, लग्नाच्या फोटोंना नाही. एक्सटर्नल हार्ड डिस्कला एकदाच पैसे लागतात आणि नेट लागत नाही. दोन्हीतलं एकच घ्यायचं तर मी हार्ड डिस्क घेईन आणि अँटिव्हायरसचे पैसे तिकडे वळवेन. महत्त्वाचे कागद तेवढे ड्राइव्हवरही ठेवा, कारण आग किंवा चोरी झाली तर डिस्कही जाते.

कॉपी करायला विंडोजमधली फाइल हिस्ट्री किंवा फ्रीफाइलसिंक, दोन्ही चालतात. फाइल हिस्ट्री जुन्या आवृत्त्या आपोआप ठेवते, म्हणून नवख्याला तीच बरी. कॉपी झाली की डिस्क काढून ठेवा. लावून ठेवलेल्या डिस्कवरच्या फाइलही रॅन्समवेअर कम्प्युटरबरोबरच कुलूपबंद करून टाकतो. आणि मे महिन्यात ती पत्र्याच्या खोलीत नको. भुसावळच्या पंचेचाळीस अंशांत बाहेर सावलीतसुद्धा यंत्रं तापतात. वीज अचानक जाते तेव्हा कॉपी अर्धवट राहून डिस्क बिघडू शकते, म्हणून डेस्कटॉपला छोटा यूपीएस लावा.

विंडोज ११ च्या नव्या मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असू शकते. लॅपटॉप चोरीला गेला तर हे चांगलंच. पण मदरबोर्ड बिघडला तर रिकव्हरी की लागते, आणि ती ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर आहे ते अनेकदा दुकानदाराने स्वतःच्या मोबाइलवर बनवलेलं असतं. नवा कम्प्युटर घेताना अकाउंट तुमच्याच नंबरवर करून घ्या आणि ती की छापून ठेवा.

दुरून मदत: क्विक असिस्ट की एनीडेस्क?

सुरत, नाशिक, पुण्याला असलेला मुलगा गावच्या कम्प्युटरवर मदत करतो तेव्हा त्याला दुरून स्क्रीन दाखवणारं ॲप लागतं. एनीडेस्क सोपं आहे, पण ते मशीनवर कायम पडून राहतं आणि फसवणाऱ्यांचंही ते आवडतं हत्यार आहे. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच त्याच्या गैरवापराबद्दल सावध केलं होतं. क्विक असिस्ट मायक्रोसॉफ्टचंच आहे. मदत करणाऱ्याला लॉगिन करून कोड काढावा लागतो, आणि तो कोड थोड्याच वेळात बाद होतो. मी क्विक असिस्ट निवडेन. पण हे कोडसुद्धा फसवणारे मागतात, म्हणून नियम एकच ठेवा: फोन आपण केलेला असेल तरच कोड टाकायचा. बँकेतून, विम्याच्या ऑफिसातून, पोलिसातून बोलतोय म्हणणाऱ्याला स्क्रीन दाखवायची नाही. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त.