इटलीत एकट्याने ट्रेनने फिरताना पैसे कुठे आणि कसे उकळले जातात

इटलीत पाठीवर सॅक टाकून एकट्याने फिरणाऱ्यांना सुरा दाखवून लुटल्याचं क्वचितच ऐकू येतं. पैसे जातात ते हसतमुखाने, मदतीच्या नावाखाली, आणि बरेचदा आपल्याच हाताने. एकटं असण्याचा तोटा इथे नेमका कळतो. मशीनवर तिकीट काढताना सॅककडे बघायला दुसरं कुणी नसतं आणि बिल आल्यावर ‘थांब, हे जास्त लावलंय’ म्हणणारं कुणी नसतं. फसवणारे हेरतात ते असाच माणूस: नुकताच गाडीतून उतरलेला, दर माहीत नसलेला, पुढची गाडी गाठायच्या घाईत असलेला.

सुरुवात रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावरच होते. बाहेर आलात की ‘टॅक्सी? टॅक्सी?’ करत माणसं जवळ येतात. अधिकृत टॅक्सी पांढरी असते, दारावर रोमा कापिताले असं लिहिलेलं असतं आणि ती रांगेत उभी असते, तिचा ड्रायव्हर तुमच्याकडे येत नाही. विमानतळ ते जुन्या तटबंदीच्या आतलं शहर हे भाडं पालिकेने ठरवून दिलेलं आहे. 2024 च्या दरवाढीनंतर ते 55 युरो झालं, आणि ते टॅक्सीमागे असतं, माणशी नव्हे. एकट्याला मात्र टॅक्सीची गरजच नाही. लिओनार्दो एक्स्प्रेस ही गाडी 14 युरोत सुमारे 32 मिनिटांत तेर्मिनी या रोमच्या मुख्य स्टेशनला पोचवते. मुक्काम त्रास्तेव्हेरे, ओस्तिएन्से किंवा तिबुर्तिनाकडे असेल तर एफएल1 ही लोकल 8 युरोत नेते, पण ती तेर्मिनीला जात नाही, एवढं ध्यानात ठेवा. ‘आज संप आहे, गाड्या बंद’ असं कुणी सांगितलं तर आधी स्टेशनातला फलक बघा. संप इटलीत खरोखरच होतात, म्हणूनच ही थाप खपते. पण संपाच्या कामकाजी दिवशीसुद्धा लोकल आणि प्रादेशिक गाड्यांची किमान सेवा सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 चालू ठेवावी लागते.

रोमा तेर्मिनी, मिलानो चेन्त्राले, फिरेन्झेचं (म्हणजे फ्लॉरेन्सचं) सांता मारिया नोव्हेल्ला आणि नापोली चेन्त्राले इथल्या तिकीट मशीनांपाशी घुटमळणारे ‘मदतनीस’ हा सगळ्यात जुना आणि अजूनही चालणारा प्रकार. पद्धत ठरलेली असते. तुम्ही भाषा निवडायच्या आत त्याचं बोट स्क्रीनवर. भराभर बटणं दाबून तो महागडी गाडी किंवा वरचा वर्ग निवडतो, तुम्ही नोट घालता, आणि खालच्या खाचेत पडलेली मोड तो ‘मदतीचे’ म्हणून उचलतो. त्याहून वाईट म्हणजे कार्डाचा पिन दाबताना तो किंवा त्याचा जोडीदार मागून बघतो आणि पुढे गर्दीत कार्ड गायब होतं. मशीन स्वतःच इंग्रजीत पाकीटमारांपासून सावध राहायला सांगतं, ते ऐका. कुणी जवळ आलं तर सरळ ‘नो’ म्हणा, व्यवहार रद्द करा, दुसऱ्या मशीनवर जा. सभ्यपणाने ‘नो, थँक यू’ म्हणत हसत राहिलात तर तो हटत नाही. सॅक पायाशी ठेवू नका, पुढे छातीवर घ्या. दादरच्या पुलावर हे आपण न सांगता करतो, परदेशात मात्र विसरतो.

मशीनची गरजच पडू नये, हा खरा उपाय. त्रेनितालिया आणि इतालो या दोन्ही रेल्वे कंपन्यांची अ‍ॅप घरूनच फोनमध्ये घेऊन ठेवा आणि शहरांची नावं इटालियनमध्ये टाका: फ्लॉरेन्ससाठी फिरेन्झे, व्हेनिससाठी व्हेनेत्सिया, नेपल्ससाठी नापोली. शोधताना वर येणाऱ्या जाहिरातींत अधिकृत भासणाऱ्या दलाल साइट असतात, त्या तिकिटावर आपलं शुल्क चढवतात. कधीकधी भारतीय कार्ड अधिकृत साइटवर नाकारलं जातं आणि लोक वैतागून दलालाकडे वळतात. त्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर चालू आहे का ते तपासा. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमांनंतर नवीन कार्ड सुरुवातीला फक्त देशातच चालतं, ऑनलाइन आणि परदेशी वापर वेगळा चालू करावा लागतो. तिथेच रोजची मर्यादाही कमी करून ठेवता येते. चोराच्या हाती कार्ड लागलं तरी नुकसान तेवढ्यावर थांबतं.

आता तिकिटाचं गणित, कारण ते ठाऊक नसेल तर भामटा लागतच नाही, माणूस स्वतःहून जास्त भरतो. फ्रेच्चारोस्सा, इंटरसिटी आणि इतालो या आरक्षित गाड्या. त्यांचं भाडं विमानासारखं वरखाली होतं, लवकर काढलं तर स्वस्त पडतं, पण सर्वांत स्वस्त प्रकारच्या तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. प्रादेशिक गाडीचं भाडं ठरलेलं असतं. फिरेन्झे ते पिसा साधारण नऊ-दहा युरो, महिनाभर आधी काढा नाहीतर गाडीच्या पाच मिनिटं आधी. तेव्हा ‘आत्ता घेतलं नाही तर पिसाचं तिकीट संपेल’ असं कुणी म्हणालं तर तो खोटं बोलतोय. आणि इतालोचं तिकीट त्रेनितालियाच्या गाडीत चालत नाही. दोघांची मशीन शेजारीशेजारी असतात आणि गाड्या एकाच फलाटावर लागतात, तिथे गफलत होते.

कागदी प्रादेशिक तिकीट काढलं म्हणजे काम संपलं नाही. फलाटाच्या तोंडाशी भिंतीवर किंवा खांबावर बसवलेल्या छोट्या यंत्रात ते सरकवून तारीख-वेळेचा शिक्का उमटवावा लागतो. कडेवर शाई उमटली आहे ना, ते डोळ्यांनी बघा, कारण कधी यंत्र नुसतं घरघरतं आणि छापत नाही. तसं झालं तर तिकिटावर पेनने तारीख, वेळ आणि स्टेशन लिहा आणि गाडीत चढण्याआधीच तपासनिसाला गाठून सांगा. फोनवर घेतलेल्या प्रादेशिक तिकिटालाही चढण्यापूर्वी चेक-इन करावं लागतं. हे राहिलं तर तिकीट जवळ असूनही दंड होतो, आणि तो तिकिटाच्या कैक पट असतो. खरा तपासनीस गणवेशात असतो, ओळखपत्र दाखवतो, लेखी पावती देतो आणि कार्डाने पैसे घेऊ शकतो. फक्त रोख मागून पावती टाळणारा माणूस तपासनीस नव्हे. रस्त्यात साध्या कपड्यांत ‘पोलीस’ म्हणवून खोट्या नोटा तपासायला पाकीट मागणाऱ्यांचंही तेच. पाकीट हातात देऊ नका, जवळच्या पोलीस चौकीत चला म्हणा, आणि गरज वाटली तर 112 हा आपत्कालीन नंबर लावा.

गाडीत सामान जातं ते बहुधा गाडी सुटायच्या आधीच्या दोन मिनिटांत. खिडकीवर बाहेरून कुणीतरी टकटक करतं, खाली बोट दाखवतं, ‘तुमचं काहीतरी पडलंय’ अशा खुणा करतं. तुम्ही वाकता आणि दुसरा माणूस वरच्या फळीवरची पिशवी उचलून उतरतो. दारं बंद होतात. पासपोर्ट, कार्ड आणि फोन कधीच फळीवर ठेवू नका. मोठी सॅक दाराजवळच्या रॅकमध्ये ठेवावी लागली तर सायकलच्या पातळ वायर-कुलपाने बांधा. कुलूप तोडण्याइतका वेळ या चोरांकडे नसतो. बोलोन्यासारख्या मोठ्या जंक्शनवर गाडी थांबली की तेवढा वेळ सामानावर नजर असू द्या.

एटीएमचा प्रकार कायदेशीर असला तरी माझ्या लेखी ही फसवणूकच आहे, आणि खिसेकापूंपेक्षा जास्त लोकांचे पैसे यात जातात. पर्यटकांच्या गल्ल्यांत कुठल्याही बँकेशी संबंध नसलेली झगझगीत एटीएम बसवलेली असतात. 200 युरो मागितले की स्क्रीनवर रुपयांतली रक्कम येते आणि ‘कन्व्हर्जन मान्य आहे का’ असं विचारलं जातं. मान्य करण्याचं बटण मोठं, नाकारण्याचं बारीक. ‘डिक्लाइन’ दाबलं तर अख्खा व्यवहारच रद्द होईल असं वाटून लोक घाबरतात. तसं होत नाही, पैसे येतात, फक्त एटीएमवाल्याचा दर नाकारला जातो. समजा युरोचा खरा भाव 100 रुपये आहे आणि स्क्रीन 110 ने हिशेब करते, तर 200 युरोंमागे 2,000 रुपये हकनाक गेले. म्हणून बँकेच्या शाखेच्या भिंतीतलंच एटीएम वापरा, तेही शाखा उघडी असताना, म्हणजे कार्ड अडकलं तर आत जाता येतं. दुकानात आणि हॉटेलातही कार्ड देताना आधीच ‘युरो’ सांगा आणि मशीनवर रुपये दिसले तर व्यवहार रद्द करायला लावा.

चौकांतले प्रकार एकाच साच्याचे असतात: आधी वस्तू तुमच्या हातात, मग पैशांची मागणी. मिलानच्या दुओमोसमोर, म्हणजे मोठ्या चर्चसमोर, मनगटात दोरा बांधतात किंवा तळहातावर कबुतरांसाठी दाणे टाकतात. फिरेन्झेत चित्रांचे छापील कागद फुटपाथवर पसरून ठेवतात आणि पाय पडला की भरपाई मागतात. रोमला कोलोसियमपाशी शिरस्त्राण घातलेला ‘सैनिक’ फोटोनंतर पैसे मागतो. हात खिशात, पाय न थांबवता चालत राहा. दोरा बांधलाच तर तो काढून जमिनीवर ठेवा आणि निघा, वाद घालत उभं राहू नका, कारण वाद चालू असताना दुसरा सॅकची चेन उघडतो. चादरीवर मांडलेल्या नकली पर्स घेऊ नका. इटलीच्या कायद्यात नकली माल विकत घेणाऱ्यालाही दंड आहे, कमाल 7,000 युरोपर्यंत.

दर्शनीय जागांची तिकिटं हा वेगळा बाजार आहे. सेंट पीटर्स बॅसिलिकात प्रवेश फुकट आहे, रांग असते ती सुरक्षा तपासणीची. तिथे ‘तिकीट’ विकणारा तुम्हाला टोपी घालतोय किंवा गाइडची टूर गळ्यात मारतोय. कोलोसियमचं साधं तिकीट 18 युरो, आणि ऑक्टोबर 2023 पासून त्यावर नाव छापलेलं असतं, ओळखपत्राशी जुळवून बघतात. म्हणून बाहेर कुणाचं उरलेलं तिकीट घेऊन उपयोग नाही. इथली तिकिटं मिनिटांत संपायची आणि महाग टूरमध्ये पुन्हा दिसायची. त्या प्रकरणी इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने एप्रिल 2025 मध्ये तिकीट विकणाऱ्या संस्थेला आणि काही टूर कंपन्यांना मिळून सुमारे 2 कोटी युरोंचा दंड ठोठावला. अधिकृत साइटवर तारखेच्या 30 दिवस आधी विक्री उघडते, तेव्हाच घेऊन टाका. पाँपेईला नापोलीहून चिर्कुमवेसुवियाना गाडीने जाताना पाँपेई स्काव्ही स्टेशनवर उतरा. उतरताच अधिकृत माहिती केंद्र वाटावं असे टूरवाल्यांचे टेबल लागतात, तिथे न थांबता थोडं पुढे गेलं की पोर्ता मारीना प्रवेशद्वाराची खरी तिकीट खिडकी आहे. ही गाडी आणि रोमची 64 नंबरची बस, दोन्हीकडे खिसेकापूंचा सुळसुळाट असतो. नापोलीच्या स्टेशनबाहेर कुणी स्वस्तात नवाकोरा फोन दाखवला तर बघायलाही थांबू नका. दाखवतात तो खरा असतो, पैसे दिल्यावर हातात येणाऱ्या बंद खोक्यात फरशीचा तुकडा निघतो.

व्हेनिसला गोंडोलाचा पालिकेचा दर नोव्हेंबर 2023 पासून दिवसा 30 मिनिटांना 90 युरो आहे, तोही पूर्ण नावेचा. वापोरेत्तोचं, म्हणजे पाण्यातल्या सार्वजनिक बसचं, 75 मिनिटांचं तिकीट 9.50 युरो. एकट्याने फक्त कालवा ओलांडायचा असेल तर त्रागेत्तो ही सामायिक नाव 2 युरोत पलीकडे सोडते. दिवसभरापुरतं येणाऱ्यांना 2024 पासून ठरावीक तारखांना 5 युरो प्रवेश शुल्क आहे, उशिरा भरलं तर 10. ते फक्त पालिकेच्या साइटवर भरा. शहरात मुक्काम असेल तर शुल्क माफ असतं, पण त्याची नोंद करून कोड घ्यावा लागतो.

खाण्याच्या बिलात फसवणूक होते ती मासे आणि मटणाच्या किमतीत. मेनूवर 7 युरो दिसतात, पण शेजारी बारीक अक्षरात ‘एत्तो’ लिहिलेलं असतं, म्हणजे दर 100 ग्रॅमचा. 800 ग्रॅमचा मासा आला की 56 युरो. ऑर्डर देण्याआधी वजन आणि एकूण किंमत कागदावर लिहून घ्या. जानेवारी 2018 मध्ये व्हेनिसमध्ये चार जपानी विद्यार्थ्यांना एका जेवणाचं 1,100 युरोंहून जास्त बिल लावलं गेलं, तक्रारीनंतर त्या हॉटेलला जबर दंड झाला. माणशी एक ते तीन युरोंचं ‘कोपेर्तो’, म्हणजे टेबलावर बसण्याचं शुल्क, मेनूवर छापलेलं असेल तर ती लूट नाही. कॉफी काउंटरशी उभं राहून प्या, बसलात की दर बरेचदा दुपटीवर जातो.

राहण्याच्या जागेसाठी आता एक चांगली कसोटी आहे. 1 जानेवारी 2025 पासून प्रत्येक पर्यटक-निवासाला ‘IT’ या अक्षरांनी सुरू होणारा सीआयएन हा सरकारी नोंदणी क्रमांक जाहिरातीत आणि इमारतीच्या दारावर लावणं बंधनकारक आहे. क्रमांक नसेल तर पैसे पाठवू नका. बुकिंग झाल्यावर ‘कार्ड पुन्हा पडताळा, नाहीतर खोली रद्द’ असा मेसेज आला, तो बुकिंगच्या अ‍ॅपमधून आला तरीही, त्यातली लिंक उघडू नका. हॉस्टेलला थेट फोन करा. पोचल्यावर माणशी प्रतिरात्र शहर-कर मागतात, तो खरा असतो, पावती मागून घ्या.

इतकं करूनही चोरी झाली तर आधी बँकेच्या अ‍ॅपमधून कार्ड बंद करा. फोनच गेला असेल तर त्यासाठी दुसरा फोन किंवा हॉस्टेलचा संगणक लागेल, तेव्हा बँकेचा हेल्पलाइन क्रमांक कागदावर लिहून वेगळ्या खिशात ठेवलेला हवा. मग स्टेशनातल्या रेल्वे पोलिसांकडे, म्हणजे पोल्फेरकडे, किंवा काराबिनिएरी या लष्करी पोलीस दलाकडे जाऊन ‘देनुन्चा’ म्हणजे तक्रार नोंदवा. वस्तूंची यादी, अंदाजे किंमत, वेळ, गाडीचा क्रमांक सांगा आणि शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय उठू नका. प्रवास विम्याचा दावा त्या प्रतीशिवाय पुढे सरकत नाही. पासपोर्ट गेला असेल तर तीच प्रत, पासपोर्टची झेरॉक्स आणि फोटो घेऊन रोममधल्या भारतीय दूतावासात किंवा मिलानमधल्या वाणिज्य दूतावासात जावं लागतं. शनिवार-रविवारी ही कार्यालयं बंद असतात. म्हणून झेरॉक्स, व्हिसाच्या पानाची प्रत, दोन फोटो आणि 100 युरो रोख एवढा ऐवज सॅकच्या तळाशी नव्हे, अंगावरच्या कपड्यांच्या आत पट्ट्यात असू द्या.