जोडफ्लॅट: भिंतीतल्या एका दाराची किंमत किती?

मुंबईत 'फोर बीएचके, जोडी' अशी जाहिरात दिसली की समजावं, विकायला एक मोठं घर नाही, दोन लहान घरं आहेत आणि मधल्या भिंतीला दार पाडलंय. दलाल मात्र दर सांगतो तो मोठ्या घराचा, 'असा एरिया या भागात मिळत नाही' हे वाक्य जोडून. वाक्य बऱ्याचदा खरंही असतं. पण मिळत नाही म्हणून दर चढा असायला हवा, हे त्यातून निघत नाही.

एक नमुना घेऊ. पार्ले पूर्वेची पंधरा-अठरा वर्षं जुनी, सात मजली इमारत. जाहिरात: 1180 चौरस फूट कारपेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा), 4 कोटी 20 लाख. म्हणजे फुटाला साधारण 35,600 रुपये. इमारतीत एकटा फ्लॅट 38,000 ने गेला असेल तर हा सौदा स्वस्तच वाटेल. आता दोन्ही मूळ करारनामे मागा. एकात 480 फूट, दुसऱ्यात 470. बेरीज 950. मग वरचे 230 फूट आले कुठून? बाहेरच्या भिंतींची जाडी 80, आत घेतलेले फ्लॉवर बेड आणि कोनाडे 90, आणि दोन्ही दारांपुढची लॉबी ग्रिल लावून बंद केलेली, ती 60. लॉबी सोसायटीची आहे, विकणाऱ्याची नाही. उद्या एका सभासदाने तक्रार केली की ग्रिल काढावं लागतं, आणि अग्निशमनाच्या तपासणीतही ते पहिलं डोळ्यांत भरतं. फ्लॉवर बेडचं गणित जुन्या इमारतींत नेहमीचं: जानेवारी 2012 च्या नियमबदलापूर्वी ते एफएसआयमध्ये (भूखंडावर किती बांधता येईल त्या हिशेबात) धरत नसत, म्हणून बिल्डर सढळ हाताने देत आणि माणसं खिडकी पुढे सरकवून ते खोलीत घेत. वापरायला छान, पण त्याचे पूर्ण दराने पैसे देऊ नयेत.

950 ने भागलं की दर 44,200 च्या वर जातो. 38,000 ने धरलं तर दोन घरांचे मिळून 3 कोटी 61 लाख होतात. वरचे 59 लाख त्या दाराचे.

हा 38,000 चा आकडा दलालाकडून घेऊ नका. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये वर्ष, गाव आणि सीटीएस क्रमांक (जमिनीचा नगर भूमापन क्रमांक) टाकला की त्या जागेवरचे नोंदलेले व्यवहार इंडेक्स टूमध्ये (नोंदलेल्या दस्ताचा सारांश) दिसतात: मोबदला, बाजारमूल्य, क्षेत्रफळ, तारीख. मुंबई शहर भागात (उपनगरात नव्हे) सीटीएसऐवजी सीएस क्रमांक लागतो. मागच्या दोन वर्षांतले त्याच इमारतीतले, नाहीतर शेजारच्या दोन-तीन इमारतींतले व्यवहार काढा. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असेल तर 10.764 ने गुणा. जुन्या दस्तात ते बहुतेक बिल्टअप, म्हणजे भिंतींची जाडी धरून असतं. कारपेट काढायला 1.2 ने भागायची रीत आहे. इथेच बहुतेकांचं चुकतं: बिल्टअपचा दर कारपेटच्या दराशेजारी ठेवतात आणि मग घर महाग की स्वस्त यावर घरात वाद घालतात.

ही झाली खालची पट्टी. वरची पट्टी म्हणजे त्याच भागातलं, नकाशातच 950 फुटांचं असलेलं सलग घर किती फुटाला जातं तो दर. जोडफ्लॅटचा दर या दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी बसतो, आणि वरच्या पट्टीला तो क्वचितच टेकतो. कारण सरळ आहे. दोन घरांत दोन पॅसेज, दोन ओटे आणि बाथरूम-संडासही प्रत्येक घराला हवे तितके असतात. दिवाणखाने मात्र दोन लहान, एक मोठा नव्हे. आपल्या नमुन्यात फक्त दुसऱ्या घराच्या दारामागची चालायची पट्टी 45 फूट धरली तर 38,000 ने तिचे 17 लाख 10 हजार झाले. तेवढ्या पैशांत फक्त येजा होते.

भिंत कशी तोडलीय, हे त्यानंतर बघायचं. आरसीसी (सळईच्या काँक्रीटच्या) चौकटीच्या इमारतीत कॉलम-बीममध्ये विटा भरलेल्या असतात. बीमच्या खाली, कॉलमपासून लांब दार काढलं तर चिंता कमी. जुन्या भारवाही भिंतींच्या इमारतीत तीच भिंत वरचे मजले पेलत असते. सर्वांत फसवी गोष्ट नव्या मिवान (अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या) इमारतींत: तिथे बहुतेक भिंती काँक्रीटच्याच ओतलेल्या आणि भार घेणाऱ्या असतात, त्यामुळे दार ओतण्याआधीच नकाशात असायला हवं. नंतर कटर लावून पाडलेलं असेल तर सौदा तिथेच थांबवावा. बाकी इमारतींत संरचना अभियंत्याचं प्रमाणपत्र मागा, आणि त्याहून आधी महापालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागाने मंजूर केलेला सुधारित नकाशा मागा. 'सोसायटीची एनओसी आहे ना' हे उत्तर पुरेसं नाही. सोसायटी नकाशा मंजूर करत नाही.

दुसऱ्या ओट्याचं काय केलंय ते वाकून बघा. तिथे बाथरूम केलेली असेल तर जमीन पाच-सहा इंच उचललेली दिसेल. मूळ बाथरूमखाली स्लॅब खाली घेतलेला असतो, ओट्याखाली नसतो, म्हणून नहाणी ट्रॅप आणि पाइपला उतार द्यायला भराव टाकावा लागतो. वॉटरप्रूफिंग त्या भरावावर अवलंबून राहतं, आणि गळती उतरते ती खालच्यांच्या ओट्यावर. खालच्या घराचं छत बघितल्याशिवाय टोकन देऊ नये. खालचे सहसा दार उघडतात, आणि दलालाने न सांगितलेलं बरंच काही सांगतात.

वीज हा छोटा पण छळणारा भाग. दोन मीटर असतात आणि ते ठेवणंच फायद्याचं: घरगुती दराचे टप्पे 100, 300 आणि 500 युनिटला बदलतात. दोन मीटरवर अडीचशे-अडीचशे युनिट पडले तर प्रत्येक बिल तीनशे युनिटच्या टप्प्यात राहतं, एकाच मीटरवर पाचशे गेले की वरचा टप्पा लागतो. पण मधली खोली करताना दोन मीटरचे न्यूट्रल एकत्र जोडले असतील तर आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) सारखा पडतो आणि इलेक्ट्रिशियन गीझर बदलत बसतो.

मालमत्ता करातही विभागणी उपयोगी. 1 जानेवारी 2022 पासून मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना तो माफ आहे. 480 आणि 470 ही वेगळी घरं म्हणून नोंदलेली असतील तर दोन्ही माफीत बसतात. कर खात्यात 950 चं एक घर झालं की माफी गेली. उलट सोसायटीत सेवाशुल्क प्रत्येक घराला समान असतं, म्हणून मेंटेनन्सची बिलं दोन येतात, आणि हस्तांतराचा प्रीमियम, ज्याची मर्यादा घरामागे 25,000 रुपये आहे, तोही दोनदा. नोंदणी शुल्क दस्तामागे 30,000 पर्यंत, म्हणजे 60,000. मुद्रांक शुल्क 6 टक्के, खरेदीदार महिला असेल तर 5. 4 कोटी 20 लाखांवर 6 टक्के म्हणजे 25 लाख 20 हजार. किंमत दोन करारांत वाटताना एखाद्याचा आकडा रेडी रेकनरच्या (सरकारने ठरवलेल्या दराच्या) खाली गेला, तर शुल्क रेकनरच्या मूल्यावर भरावं लागतं.

कर्ज काढणाऱ्यांनी एक हिशेब आधीच करावा. 75 लाखांच्या वरच्या कर्जाला मूल्याच्या 75 टक्क्यांपर्यंतच मर्यादा आहे, आणि बँकेचा मूल्यांकनकार करारातलं कारपेट धरतो, जाहिरातीतलं नाही. त्याने 3 कोटी 61 लाख लिहिले तर कर्ज जास्तीत जास्त 2 कोटी 70 लाख 75 हजार. तुम्ही 4 कोटी 20 लाखांवर 3 कोटी 15 लाखांचा अंदाज बांधला असेल तर सव्वाचव्वेचाळीस लाख ऐनवेळी खिशातून घालावे लागतील.

मग हा नमुना कितीला घ्यावा? सुधारित नकाशा मंजूर असेल, दुसरा ओटा कोरडाच ठेवला असेल आणि दिवाणखाना खरोखर सलग झाला असेल तर 3 कोटी 61 लाखांच्या वर पाच-सात टक्के देणं समजू शकतं. कागद नसतील तर त्याच्या खाली उतरावं, कारण भिंत परत बांधून दोन घरं वेगळी करण्याचा खर्च आणि कटकट तुमच्या माथी येते, आणि विकताना एवढ्या किमतीचे गिऱ्हाईकही मोजकेच मिळतात. विक्रेता 4.20 वर अडला असेल तर त्याच पैशांत मोठं घर असलेल्या इमारती बघा.

शेअर सर्टिफिकेट दोन असतील तर ती दोनच राहू द्या. पुनर्विकासात नवं क्षेत्र, भाडं आणि कॉर्पस (सभासदांना मिळणारी एकरकमी रक्कम) यांची बोलणी बऱ्याचदा घरागणिक होतात, आणि एक झालेलं घर तेव्हा दोन म्हणून दाखवता येत नाही. मंजूर सुधारित नकाशात घर एकच दाखवलेलं असेल तर तो प्रश्न सोसायटीच्या व्यवस्थापन समितीशी सहीच्या आधीच लेखी मिटवून घ्या.