विद्युत चिन्हांची कार्डे चांगली, सूत्रांची अर्धवट

पुतणीने यंदा आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडला प्रवेश घेतला आणि चिन्हे व सूत्रे डोक्यात राहत नाहीत अशी तक्रार पहिल्याच महिन्यात सुरू केली, म्हणून पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून मी तिच्यासाठी 96 कार्डांचा एक संच आणला. किंमत 240 रुपये. त्यात चिन्हांची 60, सूत्रांची 28 आणि कोरी 8 कार्डे आहेत. गेले तीन महिने तो घरात रोज वापरला जात आहे आणि मी स्वतः कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात उमेदीची वर्षे काढली असल्याने त्यातील बरे-वाईट मला जरा जास्तच दिसते.

चिन्हांचा भाग मनापासून आवडला. पुढच्या बाजूला केवळ आकृती, मागे नाव आणि एका ओळीत उपयोग, एवढीच मांडणी आहे. पाठ्यपुस्तकातील तक्त्यात चिन्ह आणि नाव शेजारी छापलेले असते. त्यामुळे नुसती नजर फिरवली तरी आपल्याला सगळे येते असा समज होतो. कार्ड पुढ्यात आले की उत्तर आधी आठवावे लागते आणि तिथेच खरे-खोटे होते. खोक्यात तीन कप्पे आहेत: जे कार्ड चुकते ते पहिल्या कप्प्यात परत येते आणि रोज विचारले जाते, जे जमते ते पुढे सरकते आणि उशिरा विचारले जाते. ही युक्ती जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी 1972 साली लोकप्रिय केली. चिन्हांच्या बाबतीत ती नेमकी लागू पडते. वर्तुळात फुली म्हणजे दिवा, बॅटरीत लांब रेघ धन आणि आखूड रेघ ऋण, ही कार्डे दोन दिवसांत तिसऱ्या कप्प्यात गेली. टू-वे आणि इंटरमीडिएट स्विच मात्र पंधरा दिवस पहिल्यातच मुक्कामाला होते. शेवटी जिन्यातील दिव्याचे वायरिंग कागदावर काढून खाली एक टू-वे, वर एक टू-वे आणि मधल्या मजल्यावर इंटरमीडिएट असे दाखवले, तेव्हा ते जागेवर बसले.

दोष आहे तो दोन पद्धतींची सरमिसळ केल्याचा. रोधाचे, म्हणजे रेझिस्टरचे, चिन्ह आंतरराष्ट्रीय आयईसी पद्धतीत साधा आयत असते, तर अमेरिकी पद्धतीत नागमोडी रेघ. संचात एका कार्डावर आयत आणि दुसऱ्या कार्डावरील मंडलात (सर्किटमध्ये) नागमोडी रेघ आहे, पण दोन्ही एकच हे कुठेही सांगितलेले नाही. याहून घोटाळ्याची जोडी म्हणजे कपॅसिटर आणि नॉर्मली ओपन, म्हणजे एरवी उघडा राहणारा, कॉन्टॅक्ट. अमेरिकी लॅडर आकृतीत, म्हणजे शिडीसारख्या काढलेल्या कंट्रोल सर्किटच्या आकृतीत, असा कॉन्टॅक्ट दोन समांतर उभ्या रेघांनी दाखवतात आणि कपॅसिटरही जवळपास तसाच दिसतो. तेव्हा आकृती कोणत्या प्रकारची आहे हे कार्डाच्या कोपऱ्यात छापायलाच हवे होते. एक उघड चूकही आहे. खाली लहान होत जाणाऱ्या तीन आडव्या रेघा म्हणजे अर्थ (अर्थिंग, जमिनीशी जोडणी), आणि आडव्या रेघेखाली तिरप्या रेघा म्हणजे यंत्राची फ्रेम किंवा चासी; संचात दोन्हींच्या मागे ‘अर्थ’ असेच छापले आहे. ते आम्ही पेनाने दुरुस्त केले.

रोधाची किंमत सांगणाऱ्या रंगपट्ट्यांचे कार्ड पाहून तर हळहळ वाटली, कारण पाठांतरासाठी त्यावर एक ओढूनताणून केलेले इंग्रजी वाक्य दिले आहे. मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाच्या तोंडी ‘तानापिहिनिपाजा’ असतेच. त्यातला पारवा वगळला की तांबडा 2, नारिंगी 3, पिवळा 4, हिरवा 5, निळा 6, जांभळा 7 हा क्रम आपोआप मिळतो. मागे काळा 0 व तपकिरी 1 आणि पुढे करडा 8 व पांढरा 9 जोडले की काम झाले. तपकिरी आणि तांबडा दोघेही ‘त’चे, तेवढे सांभाळायचे. तांबडा, जांभळा, तपकिरी म्हणजे 27 वर एक शून्य, म्हणजेच 270 ओहम, हे पुतणी आता पट्ट्यांवर नजर टाकून सांगते.

सूत्रांची कार्डे मात्र मला अपुरी वाटतात. ओहमच्या नियमाचा त्रिकोण आहे, हवे ते अक्षर बोटाने झाकायचे, ठीक आहे. करंटला ‘आय’ का म्हणतात, हे मुलांना हमखास अडते. ते अक्षर तीव्रता या अर्थाच्या फ्रेंच शब्दाचे आहे, एवढी एक ओळ मागे मावली असती. खरी उणीव आहे ती अटींची. तीन फेजच्या शक्तीच्या कार्डावर ‘√3 × व्ही × आय × कॉस फाय’ एवढेच छापले आहे. हा व्ही लाइन व्होल्टेजचा, म्हणजे दोन फेजमधल्या व्होल्टेजचा, हे लिहिलेले नाही. शेतावरच्या 5 एचपीच्या पंपाचे उदाहरण घेऊ. एचपीला 746 वॉट, कार्यक्षमता 85 टक्के आणि पॉवर फॅक्टर (सूत्रातला कॉस फाय) 0.8 धरला, तर 415 व्होल्टला करंट सुमारे 7.6 अँपिअर येतो. पुतणीने त्याच सूत्रात एका फेजचे 240 घातले आणि 13.2 काढले. त्या आकड्यावर ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारे साधन) लावला असता, तर मोटर तापत राहिली असती आणि रिले ट्रिप होण्याऐवजी वाइंडिंगच जळले असते. सूत्र तिला तोंडपाठ होते, हे विशेष.

म्हणून सूत्रांच्या कार्डांना घरातला एकेक आकडा जोडायचे ठरवले. गीझर 2000 वॉटचा, 230 व्होल्टला 8.7 अँपिअर, रोध साधारण 26.5 ओहम, संध्याकाळी व्होल्टेज 200 वर उतरले की तोच गीझर जेमतेम 1500 वॉट देतो, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. पाणी उशिरा का तापते, हे कळल्यापासून ते सूत्र तिला पुन्हा विचारावे लागलेले नाही.

कागद जाड आहे, पण चकचकीत असल्याने ट्यूबलाइटखाली तिरपा धरावा लागतो. पहिल्या वर्षासाठी चिन्हांपुरता संच जरूर घ्यावा. सूत्रांसाठी 240 रुपये मोजू नयेत. आठ कोऱ्या कार्डांपैकी सहा आमच्याकडे भरली आहेत. सातव्यावर पुतणीने गावच्या पंपाची नेमप्लेट जशीच्या तशी उतरवून घेतली असून मागची बाजू अजून कोरी आहे, कारण त्या मोटरचा पॉवर फॅक्टर गंजाखाली वाचता आला नाही.