अनुभवातून शिकायचं तर कसं : नोंदवही, तुलनेचा पट्टा की शेतीशाळा?

स्वतःच्या रानातून शिकायचे तीन मार्ग कोरडवाहू शेतकऱ्याच्या आवाक्यात आहेत. त्यातला कोणता धरायचा हे तुमच्या प्रश्नावर ठरतं. ‘पेरणी कधी करू, पैसा कुठे गेला’ हा प्रश्न असेल तर वही. ‘हे वाण बरं की ते, सपाट पेरू की रुंद वरंब्यावर (दोन्ही बाजूंना सऱ्या असलेल्या उंच गादीवर)’ असेल तर पट्टा. ‘फवारा मारू की थांबू’ असेल तर शेतीशाळा. एका मार्गाचा प्रश्न दुसऱ्याला विचारला की हंगाम वाया जातो.

नोंदवही

सुरुवात इथूनच करावी, असं आमचं ठाम मत आहे. यात मोडणारं काही नाही आणि बाकी दोन्ही मार्गांना वही लागतेच.

तारीख, पाऊस, काम, मजूर, कोणता माल किती टाकला, एवढं बहुतेक जण लिहितात. पण सगळ्यात मोलाची ओळ सुटते: निर्णय का घेतला. ही ओळ त्याच दिवशी लिहायची, निकाल कळायच्या आधी. सोयाबीन खळ्यावर आलं की माणसाची आठवण निकालाप्रमाणे वळते. उतारा चांगला आला तर ‘मला वाटलंच होतं’ आणि पडला तर ‘पावसानं घात केला’. नोंद साधी असू द्या: ‘22 जून. पाऊस 18 मिमी, एकूण 81. वापसा (पेरणीजोगी ओल) आहे. उद्या पेरतो, कारण ओल वीतभर खाली गेलीय. घरच्या बियाण्याची उगवण 100 पैकी 72.’

ही नोंद कामाला कधी येते? पेरल्यानंतर आठ दिवसांनी तासात, म्हणजे पिकाच्या ओळीत, ठिगळं दिसली तर. तेव्हा लगेच बियाण्याला दोष देऊ नका, रिकाम्या जागी माती उकरून दाणा पाहा. दाणा कोरडा आणि कडक असेल तर ओल कमी होती. फुगून कुजला असेल तर पाणी जास्त झालं किंवा बियाणंच कमजोर होतं. कोंब फुटून मातीखाली वाकडा अडकला असेल तर पेरणी 3 ते 5 सेंमीपेक्षा खोल गेली किंवा पावसानं वर पापडी धरली. मग वहीत उगवण किती आणि पेरणीआधीचा एकूण पाऊस किती लिहिलाय ते बघा. 75 ते 100 मिमी झाल्यावर पेरा, हा सल्ला तुमच्या रानाला किती लागू पडतो ते अशा दोन-तीन हंगामांच्या नोंदींतून कळतं.

पाऊस स्वतःच्या बांधावरच मोजा. महसूल मंडळाचा आकडा विम्यासाठी आणि पंचनाम्यासाठी ठीक आहे, पण एकाच मंडळात एका शिवारात पाणी वाहतं आणि शेजारच्या शिवारात धूळ उडते. सरळ उभ्या बाजूंचा कोणताही डबा चालतो, तोंड लहान असो की मोठं. डब्यात 20 मिमी उंच पाणी साठलं म्हणजे 20 मिमी पाऊस. पाण्याची बाटली कापून वापरायची असेल तर तळाचा वाकडा भाग आधी पाण्यानं भरा आणि सरळ भाग सुरू होतो तिथे शून्याची खूण करा, नाहीतर प्रत्येक आकडा चुकेल. डबा झाडापासून आणि पत्र्यापासून लांब ठेवा. रोज सकाळी साडेआठला मोजा.

लिहायचा कंटाळा असेल तर मोबाइलवर बोलून ठेवा, पण आठवड्यातून एकदा ते वहीत उतरवा. खुरपणीला आणि वेचणीला बाया तासातासानं फिरतात, अळी आणि पिवळी पानं आधी त्यांनाच दिसतात. त्यांना विचारल्याशिवाय वही अर्धीच राहते.

वहीची मर्यादा एकच, पण मोठी: ती कारण सिद्ध करत नाही. या साली वाण बदललं, खतही बदललं आणि पाऊसही वेळेवर आला, तर श्रेय कुणाचं हे वही सांगू शकत नाही.

तुलनेचा पट्टा

तिथे पट्टा लागतो. एकाच रानात, एकाच दिवशी पेरणी करायची आणि एकच गोष्ट वेगळी ठेवायची. खत, कोळपणी, फवारणी सगळीकडे सारखी.

जास्तीत जास्त प्रयोग फसतात ते जमिनीमुळे. आपल्याकडे रानाच्या वरच्या अंगाला मुरमाड हलकी जमीन असते आणि खालच्या अंगाला भारी काळी. वर सपाट पेरणी आणि खाली रुंद वरंबा सरी केली, तर तुलना पद्धतींची होत नाही, मातीची होते. म्हणून उताराला आडवे पट्टे पाडा आणि आलटून पालटून ठेवा: सपाट, वरंबा, सपाट, वरंबा. प्रत्येकाचे किमान तीन पट्टे हवेत, म्हणजे दोन्ही पद्धतींना हलकी आणि भारी जमीन मिळते.

काढणीला पट्ट्याच्या दोन्ही कडांची दोन-दोन तासं सोडा. त्यांच्यावर शेजारच्या पट्ट्याचा परिणाम असतो. मधलं एक गुंठा, म्हणजे 1089 चौरस फूट, मोजून कापा, वेगळं मळा, सारखं वाळवून तोला आणि 40 नं गुणा. तो एकरी उतारा. एक पट्टा ओला आणि दुसरा वाळलेला तोलला तर ओल्याचं वजन फुगतं आणि हंगामाची मेहनत तिथेच बुडते. मळणी यंत्रवाल्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा. घाईत सगळे ढीग एकत्र झाले तर मोजायला काही उरत नाही.

एका सालाच्या निकालावर सगळं रान बदलू नका. वरंब्याची सरी जास्तीचं पाणी काढते आणि पावसाच्या खंडात ओल धरते. ती 2015 सारख्या दुष्काळी सालात एक बोलेल आणि 2016 च्या सप्टेंबरसारख्या मुसळधार पावसात दुसरं.

शेतीशाळा

ही पद्धत 1989 मध्ये इंडोनेशियात भातावरच्या किडींसाठी सुरू झाली. आपल्याकडे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून मराठवाड्यातल्या बऱ्याच गावांत शेतीशाळा झाल्या. वीस-पंचवीस शेतकरी हंगामभर ठरलेल्या दिवशी एकाच रानात उतरतात, लहान गट करून झाडं तपासतात आणि कागदावर एका बाजूला किडी, दुसऱ्या बाजूला ढालकिडा, कोळी असे मित्रकीटक मांडतात. मग फवारायचं की नाही, हे सगळ्यांसमोर ठरवतात.

कापूसवाल्याला याचा फायदा सगळ्यात जास्त. गुलाबी बोंडअळी एका रानाची नसते, शिवाराची असते. एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावून रोज पतंग मोजायचे. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले, किंवा दहा टक्के फुलं-बोंडं किडलेली दिसली, तर फवारणीची वेळ झाली. डोमकळी (अळीमुळे न उमललेलं, मिटलेलं फूल) दिसली की तोडून नष्ट करायची, रानात टाकून द्यायची नाही. हे एकट्यानं केलं आणि शेजाऱ्यानं नाही केलं, तर पतंग बांध ओलांडून येतोच.

अडचण अशी की प्रशिक्षक तयार उत्तर देऊ लागला की शाळेचं भाषण होतं. पहिल्या दोन बैठकांत तुमच्या हातात पान आलं नाही, बोंड फोडून पाहायला मिळालं नाही, तर हट्टानं मागून घ्या.

मग काय धरावं?

पाच एकरांच्या आतलं सोयाबीन-तुरीचं रान आणि घरात एक जण लिहिणारा असेल तर पहिल्या साली फक्त वही. दुसऱ्या साली वहीतूनच निघालेल्या एका प्रश्नावर पट्टे. कापूस जास्त असेल आणि फवारणीचा खर्च डोईजड होत असेल, तर शेतीशाळेसाठी पेरणीआधीच सहायक कृषी अधिकाऱ्याला (आधीचा कृषी सहायक) भेटा.

वही चाळायला दोन वेळा राखून ठेवा. एक खरीप घरात आल्यावर, रब्बीची पेरणी उरकायच्या आधी. दुसरी येळवसला (वेळा अमावास्येला), घरची सगळी माणसं रानात जमतात तेव्हा. काय ठरवलं होतं, काय झालं, फरक कशानं पडला, पुढच्या मृगाला नेमकी कोणती एक गोष्ट बदलायची, या चार प्रश्नांची उत्तरं वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. वर्षाला एकच बदल ठेवा, म्हणजे पुढच्या खळ्यावर त्याचा हिशेब लागतो.