इंग्रजी उतारा: आधी शब्दार्थ की आधी विषय?

मराठी माध्यमातल्या मुलांपुढे इंग्रजी उतारा ठेवताना काही शिक्षक आधी कठीण शब्दांचे अर्थ देतात, काही आधी विषय सांगतात.

शब्दार्थ लागतातच. पानभर शब्द अनोळखी असतील तर अंदाज बांधायला आधारच उरत नाही. पण दर ओळीला शब्दकोश उघडला की कार्यकारी स्मृतीवर, म्हणजे वाचलेलं तेवढ्यापुरतं डोक्यात धरून ठेवणाऱ्या स्मृतीवर, ताण येतो. ‘तिने छत्री झटकून दाराबाहेर ठेवली’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य घ्या. सगळं लक्ष ‘झटकणे’ शोधण्यात गेलं, तर बाहेर पाऊस पडतोय हे सुचतच नाही. मराठीत तेच मूल क्षणात सांगेल.

ब्रॅन्सफर्ड आणि जॉन्सन या मानसशास्त्रज्ञांचा १९७२ चा प्रयोग मला इथे फार महत्त्वाचा वाटतो. कपडे धुण्याबद्दलचा, मुद्दाम मोघम लिहिलेला उतारा त्यांनी ऐकवला. शब्द सगळे साधेच. विषय आधी कळलेल्यांना तो नीट समजला आणि जास्त आठवला. नंतर सांगून उपयोग झाला नाही.

म्हणून माझं मत: आधी विषय, मग अडणारे मोजके शब्द. मात्र विषय ओळखीचा असला की मुलं मजकुरात नसलेलंही खुशाल वाचतात. तेव्हा प्रत्येक उत्तरामागे विचारावं, ‘हे कुठल्या ओळीवरून ठरवलंस?’