सर्व्हे फर्म: हद्दीचं काम चोख, ड्रोनचं कच्चं

हद्द, कंटूर (समान उंचीच्या रेषा), बांधकामाची आखणी, सगळी मोजणी ही फर्म करते. हद्दीच्या कामाला पैकीच्या पैकी गुण. मोकळ्या जागेत आरटीके जीपीएस (उपग्रहांवरून अगदी अचूक जागा सांगणारं यंत्र), झाडांखाली आणि उंच भिंतींलगत टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं तिपाईवरचं यंत्र). कारण तिथे उपग्रहाचा सिग्नल झाडांत अडतो किंवा भिंतीवर आपटून येतो आणि बिंदू सरकतो. ट्रॅव्हर्स, म्हणजे बिंदूमागून बिंदू जोडत केलेली मोजणी, सुरुवातीच्या बिंदूवर परत आणून बंद करतात, उरलेली चूक नकाशासोबत लेखी देतात. असं करणारे थोडेच! आखणीत कोपरे काटकोनात आहेत का हे बघायला कर्णही मोजतात.

ड्रोनच्या कामात मात्र वेगळे चेक पॉइंट (फक्त अचूकता तपासायला जमिनीवर मोजलेले बिंदू) ठेवले नव्हते. ज्यांच्यावर नकाशा बसवला त्या कंट्रोल पॉइंटवरच अचूकता तपासली की उंचीतली चूक झाकली जाते. दाट गवतात तर ड्रोनला जमीन दिसतच नाही, गवताचा माथा मिळतो. तिथे प्रिझम (टोटल स्टेशनचा किरण परतवणारा, काठीवरचा आरसा) घेऊन चालावंच लागतं. कच्चा डेटा आणि बेंचमार्कची (उंची ज्यावरून मोजतात त्या पक्क्या खुणेची) उंची आधीच मागून ठेवा.